वेल्डरच्या रिकाम्या जागा

आयटीआयमध्ये वेल्डरचा ट्रेड कोणी मागून घेत नाही. दुसरं काही उरलं नाही म्हणून घेतात. मी हा ट्रेड एकतीस वर्षं शिकवला. त्यातली बरीच वर्षं प्रवेशाच्या दिवसांत मुलांना ट्रेड निवडायला मदत करायच्या टेबलावरही बसलो, म्हणून हे खात्रीने सांगतो. मुलं आधी इलेक्ट्रिशियन मागतात, मग फिटर, मग डिझेल मेकॅनिक. मुलींना आईवडील कॉम्प्युटरच्या रांगेत उभं करतात. या जागा भरल्या की कोणीतरी यादीच्या तळाशी बोट ठेवून विचारतं, "सर जी, ये वेल्डर में क्या होता है?"

तेव्हा मी सरसावून बसत असे. वेल्डिंग म्हणजे लोखंडाला लोखंड चिकटवणं नव्हे. दोन पट्ट्यांच्या कडा वितळवायच्या, त्यात हातातल्या रॉडचं लोखंड वितळवून मिसळायचं आणि निवल्यावर दोनाचं एक झालेलं बघायचं. सगळी मेख हातात आहे. रॉडचं टोक पट्टीपासून तांदळाच्या दाण्याएवढं दूर ठेवावं लागतं. रॉड जळून आखूड होत जातो, तरी ते अंतर तेवढंच राखत हात पुढे न्यावा लागतो. अंतर बरोबर असलं की कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो. मी वर्कशॉपमध्ये पाठ करून उभा असलो तरी कुणाचा हात बिघडला ते मला आवाजावरून कळायचं. मुलांना ही जादू वाटायची. जादू कसली, सवय.

पण पालकांना आवाजात रस नसे. "इसमें कुर्सी मिलेगी?" असं एका वडिलांनी मला सरळ विचारलं होतं. मी म्हटलं, "स्टूल मिलेगा." ते उठून गेले. पटकन समजला तो सराफ्यातला एक कारागीर. तो आयुष्यभर दागिन्यांना डाग देत, म्हणजे त्यांचे सांधे जोडत आलेला होता. मी बोलायला तोंड उघडलं तोच म्हणाला, "कळलं, सर. मी सोन्याला देतो, हा लोखंडाला देईल. लिहा." त्याच्या मुलासाठी मला एक शब्द खर्च करावा लागला नाही. असे पालक विरळा.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतलं.

त्या वर्षी प्रवेशाच्या दुसऱ्या दिवशी दाना ओली या जुन्या गल्लीतले पुराणिक मास्तर मुलीला घेऊन आले. एका खासगी शाळेत संस्कृत शिकवायचे. घराण्याकडे पूर्वी संस्थानच्या दरबारच्या देवळातली पूजा होती. बोलणं मोजकं आणि स्वच्छ. मुलगी रुचा, बारावी झालेली, वडिलांच्या अर्धा पाऊल मागे उभी.

"हिला कॉम्प्युटरमध्ये टाकायचं आहे," मास्तर म्हणाले.

मी टेबलावर बसणाऱ्याच्या नियमाप्रमाणे मुलीकडे बघितलं. "तुला काय हवंय?"

ती म्हणाली, "वेल्डर."

इतक्या वर्षांत हा शब्द पहिल्या फटक्यात कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मला वाटलं, चुकून म्हणाली. "का गं?"

"आमच्या घराखाली ग्रिलवाल्याचं दुकान आहे. लहानपणापासून ऐकते. मतलब, बघू देत नाहीत ना, डोळे खराब होतात म्हणून. पण आवाज ऐकते. त्यांचा हात चांगला आहे, सर, पर वो जल्दी बहुत करते हैं."

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. मी मास्तरांकडे वळून माझं ठरलेलं भाषण सुरू केलं: कामाला तोटा नाही, मुलींचे हात जास्त स्थिर असतात, परीक्षा दिल्या तर मोठ्या प्रकल्पांवर मागणी आहे. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "कदम सर, तुम्हाला मूलबाळ?"

"एक मुलगा आहे."

"वेल्डरच असेल."

"नाही," मी म्हटलं. "इंदूरला इंजिनिअरिंग करतो."

मास्तर चिडले नाहीत. त्यांनी अर्ज माझ्यासमोरून आपल्याकडे ओढला, खिशातून पेन काढलं आणि रुचाच्या हातात दिलं. "बरोबर आहे तुमचं. आपलं मूल ते आपलं मूल." रुचाने पहिल्या पसंतीपुढे कॉम्प्युटर लिहिलं. जाताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटत राहिलं.

समीर, माझा मुलगा, त्याच्याबद्दल सांगितलं पाहिजे. आमचे पूर्वज दख्खनेतून तलवार घेऊन इकडे हिंदी मुलखात आले. माझे वडील गिरणीत लागले आणि गिरणी बंद पडल्यावर कुठेच लागले नाहीत. मी स्वतः वेल्डरमध्ये गेलो तो जागा रिकामी होती म्हणून. पुढे मला काम आवडलं, शिकवणं त्याहून आवडलं. पण माझ्या प्रत्येक शर्टाच्या बाहीला ठिणग्यांची बारीक भोकं असत. माझी बायको सुमती ती रफू करायची आणि एखादा शर्ट हाताबाहेर गेला की न बोलता पायपुसण्यात टाकायची. त्या भोकांकडे बघत मी मनात ठरवून टाकलं होतं की मुलाच्या बाहीला असं भोक पडता कामा नये. समीर बारावी झाला, मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा अर्ज आणला, भरला, सहीपुरता त्याच्यापुढे ठेवला. त्याने काही म्हटल्याचं मला आठवत नाही. मी थोडा थांबलो असतो तर म्हटलं असतं की काय, कोण जाणे.

पुराणिक मास्तर येऊन गेले त्यानंतर काही दिवसांतच राखी होती. समीर घरी आला. राखी झाली, दोन दिवस झाले, चार झाले. पाचव्या दिवशी सकाळी पोहे खाताना तो आईला म्हणाला, "आई, मी परत नाही जाणार."

"बरं नाही वाटत का तुला?" सुमतीने विचारलं.

"पाच विषय राहिलेत. चार महिने झाले, मी वर्गात जातच नाही."

मी ताट बाजूला सारलं. जे कुठलाही बाप बोलतो ते सगळं बोललो. आम्ही इथे कसे राहतो, तुला तिथे कसं ठेवलंय, लोक काय म्हणतील. समीर खाली बघून ऐकत होता. माझा आवाज खाली आला तेव्हा म्हणाला, "बाबा, तुम्ही त्या टेबलावर बसून दर वर्षी सगळ्यांच्या मुलांना विचारता, तुला काय हवंय. मला कधी विचारलंत?"

नया बाजारातल्या आमच्या घरात खालच्या दुकानांचा आवाज सतत येत असतो. त्या सकाळी मला तो पहिल्यांदा नीट ऐकू आला.

त्यानंतर समीर खोलीतच राहू लागला. जेवायला यायचा, जेवून जायचा. सुमती त्याच्या दाराशी उगाच घुटमळायची. मी सकाळी कामावर जायचो आणि तिथे मात्र मला बरं वाटायचं. घरापेक्षा वर्कशॉपमध्ये बरं वाटावं याचीही लाज वाटायची.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत रुचा वर्कशॉपच्या दाराशी उभी दिसली.

"सर, ट्रेड बदलता येतो का?"

पहिल्या काही आठवड्यांत, जागा रिकामी असली तर येतो. वेल्डरला जागा रिकाम्या नसतील असं होतच नाही. ती अठरा वर्षांची होती, अर्जावर तिची एकटीची सही चालली असती. मी तो अर्ज तिथल्या तिथे भरून घेऊ शकलो असतो. पण मी विचारलं, "बाबांना सांगितलंस?"

"नाही. ते नाही म्हणतील."

"मग मी येतो सांगायला."

का म्हणालो कोण जाणे. ती निघून गेल्यावर मला कळलं की आपण कुठे जायचं कबूल केलं आहे.

रविवारी सकाळी दाना ओलीत गेलो. गल्ली अशी की स्कूटर कोपऱ्यावर ठेवून आत चालतच जावं लागतं. ग्रिलवाल्याचं दुकान बंद होतं, वर पुराणिकांचं दोन खोल्यांचं घर. मास्तरांनी बसायला सतरंजी घातली, त्यांच्या पत्नीने पाणी आणलं. रुचा आतल्या दाराला टेकून उभी राहिली.

मी येण्याचं कारण सांगितलं. मास्तर म्हणाले, "सर, त्या दिवशी आपलं बोलणं झालं होतं."

"झालं होतं. पण मी तेव्हा अर्धंच बोललो. माझा मुलगा इंदूरला होता, हे खरं. आता तो घरी बसलाय. पाच विषयांत नापास आहे आणि ते त्याने महिनोन्‌महिने लपवून ठेवलं, कारण आम्हाला सांगायची त्याला भीती वाटली. त्याला काय हवंय हे मी कधी विचारलंच नाही. तुमच्या मुलीला मी विचारलं आणि तिने पटकन सांगितलं. मला त्या दिवशी तुमचा हेवा वाटला होता, हे आता कळतंय."

एवढं मी सुमतीजवळही बोललो नव्हतो. अनोळखी माणसाच्या सतरंजीवर बसून बोललो.  मास्तरांच्या आधी त्यांच्या पत्नी बोलल्या.

"विस्तवाचं काम आहे, भाऊ. डोळ्यांचं काय? हातावर डाग पडले तर उद्या लग्नाच्या वेळी लोक विचारतील."

"काळी काच असते, हातमोजे असतात, चामड्याचा एप्रन असतो. तरी एखादा डाग पडतो, वहिनी. पडतच नाही असं मी म्हणणार नाही."

त्यांना हे उत्तर आवडलं असावं. म्हणाल्या, "मला बघायचं आहे. मी बघीन, मग काय ते सांगीन." मास्तरांनी मान हलवली. मला कळलं की त्या घरात अखेरचा शब्द कोणाचा आहे.

मंगळवारी त्या आल्या. नऊवारी नव्हे, साधी सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, जणू स्वतःच कामाला लागणार होत्या. मी त्यांच्या हातात काळ्या काचेची ढाल दिली आणि चेहऱ्यासमोर धरायला सांगितलं.

"काहीच दिसत नाही हो," त्या म्हणाल्या.

"दिसेल."

मी रॉड टेकवला. दोन पट्ट्यांवर चार बोटं रेघ ओढली. मागून आवाज आला, "अगंबाई! पाणी झालं लोखंडाचं!" मी थांबलो तरी त्यांनी ढाल खाली केली नाही. "अजून करा."

मग रुचाला पहिल्यांदा रॉड धरायला दिला. जे पहिल्या दिवशी सगळ्यांचं होतं तेच झालं, रॉड लोखंडाला चिकटून बसला. तिने ओढला, निघेना. बाकीची मुलं हसली. रुचाचा चेहरा पडला. ढाल बाजूला ठेवून तिच्या आई म्हणाल्या, "चिकटू दे. माझी पहिली पोळीही तव्याला चिकटली होती. परत कर."

त्या दिवशी अर्ज भरला गेला. पंधरा मुलं आणि एक मुलगी.

रुचाचं शिकणं म्हणजे काही चमत्कार नव्हता. तिसऱ्या आठवड्यात मनगटावर पोळलं, तेव्हा दोन दिवस ती पूर्ण बाह्यांचा कुडता घालून घरात वावरली, मग आईनेच बाही वर करून बघितलं आणि कोरफड लावली. पट्टी वाकवून बघायच्या चाचणीत तिचे पहिले सहा जोड मोडले. ही चाचणी सोपी असते. जोडलेली पट्टी मधोमध वाकवायची. जोड आतून पक्का असला तर पट्टी वाकते, कच्चा असला तर तडा जातो. रुचाची खूबी एवढीच की मोडलेला तुकडा ती टाकून देत नसे. उन्हात नेऊन आतला भाग निरखत बसायची. वर्ष काढायचं म्हणून आलेली मुलं असं करत नाहीत.

संक्रांतीला सुमतीने हळदीकुंकवाला पुराणिकवहिनींना बोलावलं. रुचाही आली. आमच्या घरी बायकांची गर्दी, तेव्हा ती गल्लीच्या टोकाच्या लहानशा बागेत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये सगळे पांगल्यावर माझ्याजवळ आली.

"सर, तुमच्या बागेतला झोपाळा कोणी बनवला?"

"मीच. नऊ वर्षं झाली. वॉर्डातल्या लोकांनी पाइप आणून दिले, वेल्डिंग मी करून दिलं. का?"

"वरच्या आडव्या पाइपाचा उजवा जोड... रंगातून गंजाची रेघ आली आहे. जोडाच्या कडेने. मला वाटतं, उघडतोय."

मला राग आला. पाच महिने शिकलेली मुलगी तीस वर्षं शिकवणाऱ्याच्या जोडावर बोट ठेवत होती. "रंग जुना झाला की गंज येतोच," मी म्हटलं. "जा, हत्यारं जागेवर ठेव."

ती गेली. मी अर्धा दिवस फणफणत काढला. मुलांवर दोनदा उगाच ओरडलो. पण मनाच्या एका कोपऱ्यात मला तो दिवस आठवायला लागला होता. दुसऱ्या सकाळी बागेचं उद्घाटन होतं, लोक घाई करत होते. रॉड पावसाळी हवेत उघडे राहून दमट झाले होते. दमट रॉडने काम करू नये हे मी प्रत्येक वर्गाला पहिल्या महिन्यात शिकवतो. त्या दिवशी मी त्याच रॉडने काम उरकलं होतं.

सुट्टी होताच तडक बागेत गेलो. झोपाळ्यावर दोन मुली उभ्या राहून उंच झोके घेत होत्या, तिसरी मागून ढकलत होती. वरचा पाइप प्रत्येक झोक्याला केसभर हलत होता. केसभरच. ज्याला कळतं त्यालाच दिसेल इतकं.

"उतरा," मी ओरडलो. "चलो, उतरो सब!"

मुली घाबरून उतरल्या. एकीने विचारलं, "अंकल, क्या हुआ?"  मी झोपाळ्याची फळी वर उचलून दोरीने बांधून टाकली आणि तिथल्या बाकावर बसलो.  नऊ वर्षं. समीरही त्याच झोपाळ्यावर खेळला होता.

दुसऱ्या दिवशी रुचाला म्हटलं, "तुझं बरोबर होतं." तिने मान हलवली. "रविवारी दुरुस्त करू. येशील?"

रविवारी थंडी कडक होती, ऊन निघायला दहा वाजले. मी मशीन बागेत नेऊ लागलो तेव्हा समीर खोलीतून बाहेर आला. मी बोलावलं नव्हतं. त्याने न विचारता मशीनचं दुसरं टोक उचललं.

जोड कापून काढला. कापलेला तुकडा मी हातात घेतला आणि काही वेळ कोणाला दाखवला नाही. वरून रेघ छान होती, माझी नेहमीची, एकसारखी. आतून ती पाइपावर नुसती बसली होती. खरं धरलेलं होतं ते करंगळीच्या नखाएवढ्या जागी.

मी तो तुकडा रुचाला दिला. "उद्या वर्गात ने. सगळ्यांना दाखव."

"कोणाचा म्हणून सांगू?"

"माझा."

समीर माझ्याकडे बघत होता. घरी आल्यापासून त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं नव्हतं.

त्यानंतर तो बोलायला लागला. कामापुरतंच, पण बोलायला लागला. आधी म्हणाला, आडवा पाइप मुळातच तिरका आहे, एका बाजूला भार जास्त पडतो. मी म्हटलं, डोळ्याला तर सरळ दिसतोय. तो घरून एक पारदर्शक नळी घेऊन आला, तिच्यात पाणी भरलं आणि दोन टोकं दोन खांबांना लावली. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला राहतं. त्यावरून दिसलं की उजवा खांब तीन बोटं खचला आहे. मग जुन्या कॅलेंडरचा कागद कापून त्याने तिकोनी नमुना केला आणि म्हणाला, "दोन्ही कोपऱ्यांत अशी पट्टी दिली तर एकट्या जोडावर भार येणार नाही."

रुचा म्हणाली, "हे पहिल्यांदा का नव्हतं लावलं, सर?"

"घाई होती," मी म्हटलं.

खांब उचलून खाली गिट्टी ठोकली. एक कोपरा मी जोडला, दुसरा रुचाने. डोक्यावरचं वेल्डिंग सगळ्यांत अवघड, ठिणग्या अंगावर येतात, मान अवघडते. शिडी समीरने धरली होती. मी खाली उभा राहून डोळे मिटून आवाज ऐकत होतो. मध्ये एकदा आवाज फाटला. मी बोलणार तोच तो पुन्हा सरळ झाला. तिचं तिलाच कळलं होतं.

सगळं निवल्यावर पहिल्यांदा कोणी बसायचं असा प्रश्न आला. बागेच्या कठड्यावर गल्लीतली मुलं रांगेने बसली होती. मी बसलो. साठीला आलेला माणूस झोपाळ्यावर बसला म्हणून मुलं खिदळली. समीरने मागून ढकललं. हळू नाही, चांगलं जोरात.

मशीन घरी आणताना मी त्याला विचारलं. विचारायला मला वर्कशॉपमधल्या कुठल्याही कामापेक्षा जास्त जोर लागला. "समीर, तुला काय करायचंय?"

"माहीत नाही, बाबा." थोडं चालल्यावर म्हणाला, "वेल्डिंग नाही, एवढं नक्की. तुम्ही शेजारी उभे राहून कान देत बसाल."

मी हसलो. तोही हसला. त्या टेबलावर बसायला लागल्यापासून पहिल्यांदाच मी सल्ला दिला नाही.

त्याला माहीत नव्हतं, तर माहीत करून घ्यायला हवं होतं. मी प्राचार्यांना गळ घातली. त्या उन्हाळ्याआधीचे दोन-अडीच महिने समीर आमच्या संस्थेत एकेका वर्कशॉपमध्ये जाऊन नुसता बसायचा. आठवडा लेथवर, आठवडा मोटारींच्या इंजिनांत, आठवडा फ्रिजवाल्यांकडे. घरी येऊन सुमतीला सांगायचा, मला नाही. मी दुसऱ्या खोलीत वर्तमानपत्र धरून ऐकायचो. ही रीत आम्हाला तिघांनाही सोयीची होती. आता निवृत्तीनंतर कोणी पालक घरी विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना एवढंच सांगतो: मुलाला आठवडाभर कुठेतरी नेऊन बसवा, हाताला वास लागू द्या. यादी वाचून कोणालाही काही कळत नाही, मला तरी कुठे कळलं होतं.

रुचाचं सांगायचं तर तिने परीक्षा दिली, पुढच्या पाइप वेल्डिंगच्या चाचण्या दिल्या, एकदा नापास झाली, परत दिल्या. आता ती गुजरातेत एका मोठ्या पाइपलाइनच्या कामावर आहे. मास्तर शाळेतल्या मुलांना सांगतात की मुलगी धातूचं काम करते. संस्कृतच्या तासाला धातू शिकवताना असं म्हणतात, तेव्हा मुलांना दोन्ही अर्थ कळतात की नाही, कोण जाणे. लग्नाच्या वेळी हातावरच्या डागांबद्दल कोणी विचारलं नाही. नवरा त्याच कामावर तपासनीस आहे. तिचेच जोड त्याने दोनदा नापास केले होते, असं पुराणिकवहिनी कौतुकाने सांगतात.

पण ते सगळं पुढचं. त्या उन्हाळ्यानंतर समीरच्या प्रवेशाचा दिवस आला. मी त्या दिवशी टेबलावर बसलो नाही, रजा घेतली. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिलो. एकवीस वर्षांचा मुलगा सतरा-सतरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभा होता. ओळखीचे लोक येता-जाता विचारत होते, "कदम साहब, आज इधर?" मी म्हणत होतो, "बेटे का एडमिशन है." दोन-तीनदा म्हटल्यावर ते म्हणणं सोपं झालं.

तासाभराने समीर पावती घेऊन बाहेर आला. समोरच्या बाकावर बसला.

मी विचारलं नाही.

"प्लंबर," तो म्हणाला.

माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला दिसलं नाही. पण आयुष्यभर यादीच्या तळाच्या ट्रेडची बाजू लढवलेल्या माणसाच्या मनात त्या क्षणी जे आलं ते असं की नया बाजारात लोक काय म्हणतील, आणि वेल्डरच्या सात जागा अजून रिकाम्या आहेत. दोन्ही मी गिळलं. दोन चहा सांगितले.

"आपल्या गल्लीत एक दिवसाआड पाणी येतं," समीर सांगायला लागला. "खालच्या घरात जोरात, तिसऱ्या मजल्यावर थेंब थेंब. सगळे म्हणतात, नगरपालिकेचा दोष. पण बाबा, निम्मा दोष घरातल्या पाइपांचा आहे. वळणं किती दिलीत बघा." टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून तो आमच्या इमारतीचा नकाशा काढायला लागला. टाकी इथे, मोटर इथे, हे पहिलं वळण, हे दुसरं. घरी आल्यापासूनच्या वर्षभरात मिळून तो माझ्याशी इतका बोलला नव्हता.

"मग वरच्या मजल्यावर पाणी चढतच का नाही?" मी विचारलं.

उत्तर मला माहीत होतं. तरी त्याने ते सुरुवातीपासून समजावून सांगितलं, आणि मी चहा थंड होईपर्यंत ऐकलं.